जादा पाटा

स्पीडब्रेकर कालपर्यंत तिथे नव्हता. शाळेच्या फाटकासमोर कुणीतरी डांबराचा उंचवटा घातला होता, त्यावर अजून पांढरे पट्टेही मारले नव्हते, आणि अनुपमाला तो दिसला तेव्हा पुढची चाकं त्यावर चढलीही होती. तिने ब्रेक दाबला, पण मागे पाण्याने भरलेले जार होते आणि तेवढं वजन पटकन थांबत नाही. पुढची चाकं उतरली, मागची चढली, आणि ती उतरताना गाडीच्या पोटात लोखंडावर लोखंड असं आपटलं की तो आवाज तिच्या दातांच्या मुळांत गेला. जार एकमेकांवर आदळून गुडगुडले. डाव्या सीटवरचा तिचा नवरा सर्वेश खिडकीच्या वरच्या कडीला डाव्या हाताने लटकला, सीटवरून वर उडाला, खाली आला आणि म्हणाला, "पाटो."

स्वच्छ म्हणाला. दिवाळीनंतर झटका आला तेव्हापासून सर्वेशच्या तोंडून हवा तो शब्द हव्या त्या वेळी आला नव्हता. उजवा हात गेला होता, उजवा पाय ओढत चालायचा, आणि बोलण्याचं असं झालं होतं की स्वयंपाकघरातल्या फळीवरचे सगळे डबे कुणीतरी इकडचे तिकडे करून ठेवावेत आणि मीठ काढायला गेलं की हाताला साखर लागावी. चहाला तो पगार म्हणायचा, टीव्हीच्या रिमोटला चावी, आणि स्वतःच्या मुलीला, ऋतिकाला, रिक्षा. ऋतिका पहिल्यांदा हसली आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसली. शिव्या मात्र त्याला बिनचूक यायच्या, गणपतीची आरतीही यायची, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. त्या पाठ असतात, त्या डोक्यात दुसऱ्या जागी असतात, असं क्षमा मॅडम म्हणायच्या. त्या त्याला पुन्हा बोलायला शिकवत होत्या. पण 'पाटो' हा काही पाठ असलेला शब्द नव्हता. गाडी आपटली, ऐकून सर्वेशला कळलं काय आपटलं, आणि त्याने त्याचं नाव घेतलं. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि विचारलं, "काय म्हणालास?" त्याने डाव्या हाताचा अंगठा मागे, खाली दाखवला. "पाटो," तो म्हणाला. "पाटो गेलो." आणि तिच्याकडे बघून हसला. तोंडाची एकच बाजू हसली.

अनुपमा पण हसली. हसायलाच हवं होतं. पण हसण्याच्या आधी, अगदी आधी, तिला दुसरंच काहीतरी झालं होतं. दुपारी घरात आपण एकटेच आहोत असं धरून पाय पसरून बसावं आणि दाराच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज यावा, तसं. तिने गिअर टाकला. मागून हॉर्न वाजत होते. त्या दिवसाचे उरलेले जार तिने चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळ्यागाळ्यात पोचवले. ट्रॉलीवरून भरलेला जार उतरवायचा, रिकामा उचलायचा, वॉचमनची सही घ्यायची. सर्वेश गाडीत बसून होता आणि प्रत्येक वेळी ती परत आली की तेच सांगत होता. पाटो. जणू सापडलेली वस्तू पुन्हा हरवू नये म्हणून मुठीत घट्ट धरली होती.

दोघं एकाच चाळीत वाढलेले. दोघांचेही बाप एकाच गिरणीत, आणि गिरणी बंद पडल्यावर दोन्ही बिऱ्हाडं पुढेमागे चारकोपला आली. सर्वेश लहानपणापासून बोलका. बोलका म्हणजे किती, तर लग्नात अंतरपाट धरलेला असताना तो पलीकडून भटजींना घाई करत होता. तरुणपणी गोव्याच्या लाइनवर ट्रकवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर, मग ही गाडी, छोटाच ट्रक, पण स्वतःचा. गाडीचं सगळं तो स्वतः करायचा. ऑइल, ब्रेक, क्लच, सगळं. इस्टेटीच्या मागच्या गल्लीत रविवारी सकाळी तो गाडीखाली शिरायचा आणि खालून बोलत राहायचा, येणाऱ्याजाणाऱ्याशी, गाडीशी, अनुपमाशी. ती पाना हातात देई. "तो नाय गो, त्याच्या शेजारचो." वीसेक वर्षं ती शेजारचा पाना देत आली होती. गाडी शिकली ती मात्र मोटर स्कूलमध्ये, ऋतिका शाळेत जायला लागल्यावर, कारण सर्वेशने शिकवायला घेतलं तेव्हा तो इतका ओरडला की तिने लिंक रोडच्या मधोमध गाडी बंद केली आणि खाली उतरून चालू लागली. लायसन कपाटात पडून होतं. झटका आल्यावर ते बाहेर निघालं. पहिल्या महिन्यात तिचे हात स्टिअरिंगवर घामेजायचे, दुसऱ्या महिन्यात वळणं कळायला लागली, आणि कधीतरी एका सकाळी महावीर नगरच्या सिग्नलला उभी असताना, सूर्य समोरच्या काचेवर, शेजारी नवरा गप्प, तिच्या लक्षात आलं की आपल्याला हे आवडतंय. गाडी चालवणंही आणि गप्प असणंही. ते लक्षात आलं तेव्हा तिने सर्वेशच्या शर्टाची कॉलर उगाच सारखी केली होती.

घरी आल्यावर ऋतिकाला सांगितलं. ती अंधेरीच्या ऑफिसातून नुकतीच आली होती, पायातले बूटही काढले नव्हते. "बाबा पाटो म्हणाले? म्हणजे पाटा? वरवंट्याचा?"

"अगं, गाडीचा पाटा. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्या असतात बघ, एकावर एक, धनुष्यासारख्या वाकलेल्या. वजन त्यांच्यावर असतं. त्या बसल्यात."

"बाबांना कळलं?"

"आवाजावरून."

ऋतिका सर्वेशसमोर उकिडवी बसली. "बाबा, परत म्हणा."

"पाटो," सर्वेश म्हणाला आणि तिच्या गालाला हात लावला. "रिक्षा." ऋतिका या वेळी रडली नाही. "एक तर एक, बरोबर आलं ना," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी पगार करायला आत गेली. घरात आता सगळेच चहाला पगार म्हणायचे.

काशीरामचं दुकान इस्टेटीच्या तोंडाशीच होतं. तो फक्त पाट्यांचंच काम करायचा. भिंतीला लावून ठेवलेल्या कमानी, जमिनीवर काळं तेल. त्याने गाडीखाली डोकं घातलं, बॅटरी मारली आणि वर आला. "वहिनी, सपाट झालेत पार. वाक राहिलाच नाही. दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालू, म्हणजे भरलेली गाडी खाली टेकणार नाही. सकाळी सोडून जा, संध्याकाळी घेऊन जा." किती सोपं होतं. अनुपमाने मागे वळून पाहिलं. सर्वेश गाडीतून उतरला नव्हता. समोर बघत बसला होता, मान ताठ, आणि डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं. तो असा का बसलाय ते तिला माहीत होतं. होळीच्या सुमाराला ब्रेक लागेना म्हणून ती गाडी बोरीवलीच्या एका गॅरेजात घेऊन गेली होती. तिथला मिस्त्री तिच्याशी बोलत होता आणि सर्वेश दोघांच्या मध्ये उभा होता, म्हणजे मिस्त्री त्याच्या डोक्यावरून बोलत होता. सर्वेशला काहीतरी सांगायचं होतं. त्याने दोनदा तोंड उघडलं, मिटलं, आणि मग मोठ्याने म्हणाला, "पंखा! पंखा बघ आधी!" मिस्त्रीने वर छताला लटकलेल्या पंख्याकडे पाहिलं. बाकीचे हसले. वाईट माणसं नव्हती, हसू आलं म्हणून हसले, आणि मिस्त्रीने सर्वेशला एका जुन्या टायरवर बसवलं, "काका, तुम्ही बसा आरामात." काका त्याच्याच वयाचा होता. त्यानंतर किती दिवस सर्वेशने घरीसुद्धा तोंड उघडलं नव्हतं. क्षमा मॅडम चित्रं दाखवायच्या, गाय, छत्री, चमचा, आणि तो भिंतीकडे बघायचा.

"काशीरामभाऊ," अनुपमा म्हणाली, "पाटे द्या नुसते. बसवायचं आम्ही बघतो." हे आपल्या तोंडून गेलं हे तिला गेल्यावर कळलं.

काशीरामने गाडीत बसलेल्या सर्वेशकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आम्ही म्हणजे?" तिने पर्स उघडली. तो म्हणाला, "बघा. तुम्हाला जमणार नाही असं मी म्हणत नाही. पण पाट्यांचा गठ्ठा मधल्या बोल्टने दाबून धरलेला असतो. तो बोल्ट काढताना आणि परत घालताना शिकंजे नीट आवळून ठेवायचे. शिकंजा सुटला तर पाटा तोंडावर येतो. हसण्यावारी नेऊ नका. अडलात तर फोन करा, मी रविवारी घरीच असतो." त्याने पाटे फडक्यात बांधून दिले, नवे बोल्ट दिले आणि आपले दोन शिकंजेही, दांडा फिरवून आवळायचे लोखंडी चिमटे, दिले, परत आणून द्यायच्या बोलीवर. गाडी सुरू करताना तिने चोरून पाहिलं. सर्वेशने मनगट सोडलं होतं.

पाटे घरात आले आणि पलंगाखाली सरकवले. घरात गाडीच्या तेलाचा वास पसरला. तो किती दिवसांत आला नव्हता. तो आठवडा अनुपमा रोज दोन्ही बाजूंनी विचार करत राहिली. जार उतरवताना वाटे, काय अवघड आहे, आपण रोज एवढं वजन उचलतो. सिग्नलला उभी असताना वाटे, वेड लागलंय का आपल्याला. फोनवर व्हिडिओ पाहिले. त्यातले लोक जाड हातमोजे घालून, उजेड असलेल्या स्वच्छ शेडमध्ये काम करत होते आणि त्यांचे बोल्ट गंजलेले नव्हते. पण तिला भीती बोल्टची नव्हती. खाली शिरणार ती, सांगणार सर्वेश, आणि सर्वेशला उजवं म्हणायचं असेल तेव्हा तो डावं म्हणणार. सैल म्हणायचं असेल तेव्हा घट्ट म्हणणार. त्याच्या शब्दावर हात हलवायचा म्हणजे काय करायचं? तिने क्षमा मॅडमना विचारलं, सरळ नाही, आडून. एखाद्या कामात त्यांनी सांगायचं आणि मी करायचं, असं केलं तर? "उत्तम," क्षमा मॅडम म्हणाल्या. "पण चुकलं तरी चालेल अशा कामापासून सुरुवात करा. चहा कसा करायचा ते त्यांना सांगू द्या. साखरेऐवजी मीठ पडलं तर हसायचं." अनुपमाने मान हलवली. लिफ्टमध्ये तिच्या मनात आलं, मीठ पडलेला चहा ओतून टाकता येतो.

ऋतिकाने शुक्रवारी पलंगाखालचे पाटे पाहिले आणि तिला सगळं कळलं. "आई, काशीरामकाका करून देतायत ना? मग दे ना यार गाडी त्यांच्याकडे. बाबा 'सोड' म्हणाले आणि ते 'धर' असलं तर? एक घरात असा आहे. तू पण झालीस तर मी काय करू, सांग ना."

"हळू बोल. ऐकतोय तो."

"ऐकू दे. त्यांना पण कळायला हवं."

ऋतिकाचं काहीच चूक नव्हतं. अनुपमा कांदा चिरत राहिली. ऋतिकाला तिने जे सांगितलं नाही ते असं होतं: काशीरामकडे गाडी दिली तर सर्वेश पुन्हा टायरवर बसेल आणि पुन्हा गप्प होईल, आणि मला ते चालेल. मला ते चालेल, हेच मला चालत नाहीये. हे वाक्य तिने मनात दोनतीनदा उलटसुलट केलं. तो बोलता झाला की आधीसारखा बोलता होईल. शेजारून ओरडेल, क्लच दाब, आरसा बघ, आणि मग एक दिवस म्हणेल, उतर तू, मी बघतो. तिला हे कधीतरी कुणाशी तरी बोलायचं होतं, पण असं बोलता येण्यासारखं जगात कुणी नव्हतं. म्हणजे एकच माणूस होता आणि त्याच्याशीच ते बोलता येत नव्हतं.

शनिवारी दुपारी ती परत आली तेव्हा सर्वेश खाली फरशीवर बसला होता. त्याने हत्यारांची पेटी ओढत गॅलरीतून बाहेरच्या खोलीत आणली होती, एका हाताने, ती ओढल्याची रेघ लादीवर उठली होती. वर्तमानपत्र पसरून त्यावर तो एकेक वस्तू ठेवत होता. चाकाला लावायचे लाकडाचे ठोकळे. जॅक. गाडी ज्यावर टेकवायची त्या दोन लोखंडी घोड्या. चाकाचा पाना. मग मोठा पाना, मग घासलेटची बाटली, मग काशीरामचे शिकंजे, मग नवा पाटा. ती उभी राहून बघत राहिली. तिला वाटलं तो नुसता मांडतोय, लहान मूल मांडतं तसा, आणि मग तिच्या लक्षात आलं की हा क्रम आहे. आधी ठोकळे, मग जॅक, मग घोड्या. एका जागी तो थांबला, विचार केला, घासलेटची बाटली उचलून मोठ्या पान्याच्या आधी ठेवली. बरोबर होतं. गंजलेल्या नटांवर आधी घासलेट सोडायचं, मग पाना लावायचा. तिने फोन काढून व्हिडिओ लावला आणि ताडून पाहिलं. एकही गोष्ट मागेपुढे नव्हती. त्याच्या डोक्यात फळीवरचे डबे बदलले होते, पण हाताला घर माहीत होतं. "उद्या करू या," ती म्हणाली. सर्वेशने वर पाहिलं. "उद्या," तो म्हणाला. आणि मग, बहुधा खात्री करायला, "काल."

रविवारी इस्टेटीची मागची गल्ली रिकामी असते. गाळ्यांची शटरं खाली, एका कडेला चहाची टपरी, टपरीवाल्याचा रेडिओ, आणि उन्हात झोपलेली कुत्री. अनुपमाने सर्वेशची जुनी पँट आणि शर्ट घातला होता. ऋतिका आली नाही, पण निघताना तिने आईच्या हातात आपले स्कूटीचे हातमोजे कोंबले होते. ठोकळे लावले, गाडी उचलली, घोड्यांवर टेकवली. अनुपमाने गाडीला खांद्याने धक्का देऊन पाहिला, मग पुन्हा दिला. हलली नाही. चाक काढलं. नटांवर घासलेट सोडून वाट बघत दोघं फुटपाथवर बसली. नट निघताना रडले पण निघाले. सर्वेश बोट दाखवायचा, ती करायची, आणि मध्येमध्ये तो बोलायचा. गंमत अशी की गावाकडच्या बोलीत आलेला शब्द बरोबर असायचा. "हय." "वायच वर." "रवांदे," म्हणजे राहू दे. तिला वाटलं, सापडलं. मालवणी शब्द त्याच्या आईचे, ते जुन्या फळीवरचे, ते हललेले नाहीत. मुंबईचे शब्द आले की दुर्लक्ष करायचं, मालवणी आले की ऐकायचं. तिला हे इतकं पटलं की ती मनातल्या मनात क्षमा मॅडमना सांगायलाही लागली.

पाट्यांचा गठ्ठा खाली आला तो दोघांनी मिळून जारच्या ट्रॉलीवर घेतला, तिने दोन हातांनी, त्याने एका हाताने आणि पोटाने. पोत्यावर ठेवला. दोन बाजूंना दोन शिकंजे आवळून मधला बोल्ट काढला, मग शिकंजे थोडेथोडे सैल केले, आणि दाबून राहिलेले पाटे हळूहळू एकमेकांपासून सुटले. तिचा श्वासही सुटला. नवा पाटा मध्ये घातला. आता पुन्हा आवळायचं होतं. गठ्ठा जाड झाला होता, नवा पाटा वाकायला तयार नव्हता. ती एकदा इकडचा शिकंजा फिरवायची, एकदा तिकडचा. पाटे कुरकुरत जवळ येत होते. कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला. तिने तो खांद्याला पुसला आणि तेवढ्यात सर्वेश ओरडला, "सोड! सोड गो, सोड!"

मालवणी होतं. तिचा हात उजव्या शिकंज्याच्या दांड्यावर गेला, सैल करायला. आणि का कुणास ठाऊक, तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड सोड म्हणत होतं आणि त्याचा डावा हात, पंजा उघडा, जमिनीकडे दाबत होता. दाबत होता, पुन्हा दाबत होता, नसा फुगल्या होत्या. तिने हात होता तिथेच ठेवला. मग खाली पाहिलं. डावीकडचा शिकंजा सरकत सरकत पाट्याच्या कडेवर आला होता. नखभर जागेवर अडकून राहिला होता. उजवा सैल केला असता तर सगळा जोर त्या नखभर जागेवर आला असता, आणि तिचं तोंड बरोबर त्याच्या वर होतं. तिने उजवा आणखी आवळला. एक फेरा, मग अर्धा. मग मागे सरकली, उभी राहिली, आणि गाडीला पाठ लावली. सर्वेश अजून बोलत होता. "सोड, नको सोड, सोड मगे..."

"गप्प बस," ती म्हणाली. "अरे गप्प बस ना! तोंड बंद ठेव तू!"

टपरीवाल्याने रेडिओ बारीक केला. हे वाक्य तिच्याकडे वीस वर्षं तयार होतं. तो पंक्तीत तिच्या माहेरच्यांसमोर तिच्या स्वयंपाकावर बोलायचा तेव्हा ते तयार होतं, लिंक रोडवर ती गाडीतून उतरली तेव्हा तर अगदी ओठांवर होतं. तेव्हा म्हणायचं ते तिने आज म्हटलं, धड चार शब्द न येणाऱ्या माणसाला. सर्वेशचं तोंड मिटलं. तो वळला आणि पाय ओढत गाडीच्या पलीकडे गेला.

ती पोत्यापाशी बसली. एकटीनेच शिकंजा नीट जागेवर घेतला, हळूहळू, डोळे त्यावरून न काढता. आवळलं. नवा बोल्ट घातला, नट लावला, घट्ट केला. झालं. गठ्ठा ट्रॉलीवर ढकलून गाडीखाली नेला, आणि आता अॅक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आडवा दांडा, जॅकने वर उचलून बोल्टचं डोकं त्यावरच्या भोकात बरोबर बसवायचं होतं. ती खाली आडवी झाली. जॅक हाताशी होता, पण तिथून भोक दिसत नव्हतं. ते बाहेरून, चाकाच्या बाजूनेच दिसतं. ती पडून राहिली. गाडीच्या पोटाला वाळलेला चिखल होता, एका जागी सर्वेशने केव्हातरी तारेने बांधलेली पाइप होती, बांधणी त्याचीच, पिळाला शेवटी गाठ. काशीरामला फोन करावा, तिने ठरवलं. त्यात काही वाईट नाही. तो येईल, सर्वेश टपरीवर बसेल, संध्याकाळपर्यंत सगळं होईल. तेवढ्यात तिला गाडीखालून चपला दिसल्या. एक सरळ, एक बाहेरच्या बाजूला वळलेली. त्या गाडीच्या पलीकडून आल्या, मागून वळल्या, चाकाच्या जागी येऊन थांबल्या. मग त्याचे गुडघे दिसले, त्याने वाकून आत पाहिलं. बोलला नाही. डाव्या हाताने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. दोन थापा.

तिला क्षणभर कळलं नाही, आणि मग कळलं. क्लीनर मारतात तशा थापा. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, आवाज पोचत नाही, तेव्हा क्लीनर पत्र्यावर हात मारतो. दोन म्हणजे येऊ दे. एक म्हणजे थांब. गोव्याच्या लाइनवर सर्वेशने हेच केलं असणार, वर्षानुवर्षं, घाटात, अंधारात, बोलण्याचा काही उपयोग नसताना. तिने जॅक थोडा वर घेतला. दोन थापा. आणखी वर. दोन. एक. ती थांबली. मग बोट आत आलं आणि दाखवलं, गठ्ठा इकडे सरकव, इतका. सरकवला. दोन थापा. खट् असा छोटासा आवाज झाला आणि बोल्टचं डोकं जागेवर बसलं. पडल्यापडल्या ती हसली, आणि बाहेरून सर्वेशने आनंदाने एक शिवी दिली, अगदी बिनचूक.

दुसरी बाजू लवकर झाली. एक शब्द न बोलता झाली. दुपार कलायला लागली तेव्हा गाडी चारी चाकांवर उभी होती, मागून उंच, जरा मान वर केल्यासारखी. सर्वेश दोनदा तिच्याभोवती फिरला. अनुपमाने हात पुसले. "तुला मी तसं बोलायला नको होतं," ती म्हणाली. सर्वेश ऐकत होता. "म्हणजे आज नको होतं. एरवी तू बोलतोस फार. बोलायचास." त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही, पण तिचं बोलून झालं होतं.

गाडी फिरवून बघायला हवी होती. तिने त्याच्यासाठी दार उघडलं. तो मागे सरला, हाताने दाखवलं, तू जा, मी इथून बघतो गाडी कशी चालते. झटका आल्यापासून तिने त्याला रस्त्यावर एकटं सोडलं नव्हतं. "इथेच उभा राहा," ती म्हणाली. "हलू नकोस." आणि गेली. गल्ली, मग इस्टेटीचं फाटक, मग सेक्टरचा रस्ता. रिकामी गाडी आधीपेक्षा जास्त उडत होती, पाटे कडक झाले होते ना, लहानशा खड्ड्यातही टणकन वर यायची. शेजारची सीट रिकामी होती. फाटकातून परत फिरायचं असं तिने ठरवलं होतं, पण ती पुढच्या नाक्यावरही वळली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. लिंक रोड लागला. रविवारचा मोकळा रस्ता, आणि तिने तिसऱ्यातून चौथा टाकला. किती वेळ ती नुसती चालवत होती. सर्वेशची आठवण तिला झाली, आणि मधल्या वेळात ती झालीच नव्हती हेही लक्षात आलं. तिने मिळेल त्या जागी गाडी वळवली.

गल्लीत तो नव्हता. जिथे उभं केलं होतं तिथे ट्रॉली होती आणि पोतं होतं. तिने गाडी थांबवली, खाली उतरायला दाराला हात घातला, आणि तो दिसला. टपरीकडून येत होता, रस्ता ओलांडून, पाय ओढत, डाव्या हातात चहाचा ग्लास, प्रत्येक पावलाला थोडा सांडत. मागून टपरीवाला बघत होता. काय मागितलं असेल याने तिथे, कोणत्या शब्दात? सर्वेश गाडीपाशी आला, आणि डाव्या दाराकडे न जाता समोरून फिरून तिच्या बाजूला आला. ड्रायव्हरच्या दारापाशी उभा राहिला. वर बघत. अनुपमाचे हात पुन्हा स्टिअरिंगवर गेले. उतर म्हणाला तर काय करायचं, हे तिने ठरवलं नव्हतं, पण हातांनी ठरवलं होतं बहुतेक, ते दोन्ही चाकावर घट्ट होते. सर्वेशने ग्लास खिडकीतून वर केला.

"घे," तो म्हणाला.

तिने घेतला. अर्धाच उरला होता आणि कोमट होता. सर्वेश मागच्या बाजूने, पाट्यांकडे वाकून बघत, गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेला. दार उघडायला त्याला वेळ लागला. पाय फळीवर ठेवला, घसरला, पुन्हा ठेवला. तिने हात पुढे केला नाही, चहा प्यायली. तो आत आला, बसला, धाप टाकत म्हणाला, "उडता."

"रिकामी आहे म्हणून उडते."

"भर मगे."

"उद्या भरते," ती म्हणाली. त्याने रिकाम्या ग्लाससाठी हात पुढे केला. ग्लास टपरीवाल्याचा होता, परत करायचा होता. ती उतरायला लागली तर त्याने मान हलवली, दार पुन्हा उघडलं आणि आधी चांगला पाय, मग दुसरा, असा खाली उतरला. अनुपमाने इंजिन चालू ठेवलं.